खळ्यावर न बोलायचा शब्द

दिवाळी उलटली की कुणी ना कुणी नव्या आंबेमोहराची पिशवी आणून देतं. कुकर चढवला की शिट्टी व्हायच्या आधीच घरभर वास सुटतो, जिन्यावरून जाणारा माणूससुद्धा थबकतो. लोकांना त्या वासानं भूक लागते. मला राग येतो. साधासुधा नव्हे, हातातलं भांडं आपटून ठेवावं असा. माझ्या सुनेला हे आता ठाऊक झालंय. त्या दिवशी ती मला स्वयंपाकघरात फिरकू देत नाही. "आई, तुम्ही जरा पेपर वाचा," म्हणते, आणि दार लोटून घेते.

पेपरात तरी कुठे शांती आहे? परवा त्यात 'स्वमग्न' मुलांवर लेख होता. सगळं आयुष्य याच मुलांबरोबर काढलं मी, पण हा शब्द काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही. स्वमग्न म्हणे. जसं काही पोर डोळे मिटून ध्यानाला बसलंय आणि आपणच हाका मारून त्याला उठवतोय. मी पाहिलेलं एकही मूल असं मग्न नव्हतं. पलीकडच्या खोलीतला नळ ठिबकतोय हे त्यांना कळायचं, काल भिंतीवर पाल कुठे होती हे कळायचं, माझ्या पदराचा काठ बदललेला कळायचा. मग्न असलोच तर आपण होतो, आपल्याच बोलण्यात. पण जाऊ दे. निदान एक शब्द आहे तरी. मी सांगतेय त्या काळात तोही नव्हता. खुळं, येडं, मुकं, नाहीतर देवाचं, एवढ्यावर काम भागत होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती. मानसशास्त्रात एम. ए. करून, पुण्यात एका डॉक्टरांच्या हाताखाली वर्तनोपचार शिकून मी भोरला आले होते. दवाखान्याच्या मागच्या एका खोलीत आमचा वर्ग भरायचा. वर्तनोपचार हा शब्द अख्ख्या भोरमध्ये मला एकटीलाच माहीत होता, आणि तो समजावून सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला यायचा. घरमालकीण माझी ओळख करून देताना सरळ म्हणायची, "ह्या बाई खुळ्या पोरांस्नी शिकवत्यात." खरं तर त्यात न समजण्यासारखं काही नाही. जी गोष्ट शिकवायची तिचे बारीक बारीक तुकडे करायचे. मुलानं एक तुकडा बरोबर केला की त्याच क्षणी त्याला आवडेल ते हातावर ठेवायचं. विलायती पुस्तकात चॉकलेटच्या गोळ्या होत्या. भोरच्या बाजारात गूळ होता, तो चालला.

सगुणाला तिच्या आईनं, चंद्राबाईनं आणलं ते थेट पासलीहून. पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडे, डोंगरात. पहाटे निघून वेल्ह्यापर्यंत पायी, मग एसटीनं नसरापूर, तिथून दुसरी एसटी, आणि दुपारी भोर. पोर सातआठ वर्षांची असेल. केस विंचरू द्यायची नाही म्हणून कातरलेले, मनगटावर स्वतःच्याच दातांचे वण. ती मुकी नव्हती. बोलायची, पण आपण बोललेल्यातलं शेवटचं तेवढं परत द्यायची. नाव काय तुझं, म्हटलं की "काय तुझं". जेवलीस का, म्हटलं की "का". आवाज स्वच्छ, उच्चार आपल्यासारखाच, आणि नजर आपल्या खांद्यावरून मागच्या खिडकीकडे.

महिन्यातून एकदा पुण्याहून मोठे डॉक्टर यायचे. त्यांनी सगुणाकडे थोडा वेळ पाहिलं आणि चंद्राबाईकडे त्याहून कमी. मग मला इंग्रजीत समजावलं की अशा मुलांच्या आया थंड असतात, त्यांना माया करता येत नाही, म्हणून मूल आत जातं. त्या काळी पुस्तकांत तसंच छापलेलं असायचं. हे त्यांनी चंद्राबाईलाही मराठीत ऐकवलं. "तुम्ही आई म्हणून थंड आहात." पाठीशी पोर बांधून चिखलात भात लावलेली ती बाई. पोरीनं चावू नये म्हणून स्वतःचा हात तिच्या तोंडात देणारी. तिच्या हातावर सगुणाच्या मनगटापेक्षा जास्त वण होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई, मला हिवताप यिऊन गेला व्हता, ही पोटात व्हती तवा. त्यानं थंडी बसली आसंल का?"

डॉक्टरांची गाडी निघून गेली होती. त्या दिवशीचा राग पहिला. पुढे अनेक वर्षांनी पुस्तकवाल्यांनी ते थंड आयांचं प्रकरण गुपचूप काढून टाकलं. कुणी कुणाची माफी मागितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

दसऱ्यानंतर चंद्राबाईचं येणं बंद झालं. भात कापणीला आलं की डोंगरातली बाई बाजारालासुद्धा उतरत नाही. आमच्या वर्गाला दिवाळीची सुट्टी होती, तेव्हा मीच पासलीला गेले. शाळेतल्या गुरुजींनी मला त्यांच्या घरात जागा दिली. गुरुजी कामथडीकडचे, बौद्ध. त्यांच्या घरी मी राहते, जेवते, याचीही गावात कुजबुज झाली. गुरुजींच्या बायकोनं ती माझ्या कानावर घातली आणि वर विचारलं, भाकरी अजून वाढू ना?

आणि तिथं, पासलीच्या त्या ओसरीवर, मला एक गोष्ट दिसली. भोरच्या खोलीत ती कधी दिसली नसती.

सगुणा माठाजवळ उभी होती. चंद्राबाई हातातलं काम न सोडता म्हणाली, "सगू, पानी पायजे का नगं?" सगुणा म्हणाली, "नगं." चंद्राबाई पुन्हा कामाला लागली. पोर तिथंच उभी राहिली, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर हलायला लागली, मग किंचाळली, मग मनगट तोंडात. सासू आतून ओरडली, इचारलं तर नगं म्हंती आन् वर आरडती, नुसता आडमुठेपना. मी उठून तांब्या भरून पुढे धरला. पोर घटाघटा प्यायली. तहान होती हो तिला. सकाळपासून होती. कोण जाणे किती वर्षं ती पाण्याशेजारी उभी राहून तहानलेली राहत होती, केवळ आपण मराठी बोलतो म्हणून.

तुम्ही आपलंच बोलणं दिवसभर ऐका एकदा. येतोस का नाही? जेवलीस का नाही? ऐकतोस का नाही? हवंय का नको? प्रत्येक प्रश्नाच्या शेपटाला आपण एक नकार बांधून ठेवतो. आपल्याला तो ऐकूही येत नाही, तो नुसता बोलण्याचा झोक. ज्या मुलाच्या हाती वाक्याचं फक्त शेपूट लागतं त्याच्या वाट्याला मग काय येणार? नाही आणि नको. सगुणाला दिवसभर लोक विचारत होते आणि दिवसभर ती नाही म्हणत होती. गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. पोरगी नाट लावते, अपशकुन करते.

आता खळ्याचं सांगते. म्हणजे हा नाट किती महाग पडला ते कळेल. भात झोडायचं खळं शेणानं सारवलेलं, वहाणा बाहेर काढून आत जायचं. तिथं काही शब्द तोंडातून काढायचे नाहीत. धान्य संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. रास मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आणि राशीपुढे 'न्हाई' हा शब्द तर काढायचाच नाही. मला ही रीत आवडली होती. तिथं आदल्या वर्षी काय घडलं ते कळेपर्यंत.

आदल्या वर्षी सगुणाच्या घरचं भात वाऱ्यावर धरायचं होतं आणि वारा पडला. सुपं हातात धरून माणसं आभाळाकडे बघत उभी. सावडीला, म्हणजे आज तुझ्या उद्या माझ्या शेतावर असं राबायला, आलेल्या एका शेजाऱ्यानं घाम पुसत म्हटलं, "आता वारा येतोय का न्हाई?" बांधावर बसलेली सगुणा म्हणाली, "न्हाई." त्या संध्याकाळपर्यंत वारा आला नाही आणि त्या वर्षी रासही कमी भरली. तेव्हापासून तिला खळ्याच्या आसपास फिरकू देत नव्हते. मी गावात ज्याला त्याला विचारत सुटले की अहो, तो शब्द आधी काढला कोणी? त्या बाप्यानं. पोरीनं नुसता परत केला. लोक माझ्याकडे बघून हसायचे. तो बाप्या सगळ्यांच्या राशीवर पुढेपुढे करत होता, आणि सगुणा गोठ्यातल्या मेढीला कासऱ्यानं बांधलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

घरात शब्द चालायचा तो तात्यांचा. तात्या म्हणजे सगुणाचे थोरले चुलते. बाप मुंबईला हमालीवर, त्याचा निरोप एकच असायचा, तात्या म्हणतील तसं करा. तात्या दुष्ट असते तर माझं काम सोपं होतं. पण याच माणसानं ओढ्याच्या पाण्यातून सगुणाला खांद्यावर बसवून नेलेलं मी पाहिलंय. भाकरीचा पापुद्रा तिला आवडतो म्हणून काढून ठेवायचे. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. सावडीची माणसं यायला कचरायला लागली आहेत. पोरगी घरात आहे तोवर तुमच्या घरचं माणूसही आमच्या खळ्यावर नको, असं दोघातिघांनी तोंडावर म्हटलंय. माणसं आली नाहीत तर भात शेतात झडून जाईल. घाटाखाली कुणा ओळखीच्यानं सांगितलेला एक आश्रम आहे, अशी पोरं ठेवून घेतात. रास घरात आली की तिकडे न्यायचं.

मी भांडले. आवाज चढवून भांडले. तात्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. रास घरात येस्तवर पोरीनं एक तरी सरळ बोलून दाखवावं. मंग म्या गावाला सांगीन, माझी पोर हितंच ऱ्हाईल."

म्हणजे एका लेकराचं घर राहायचं की जायचं, ते तिच्या बोलण्यावर आलं. आपल्यातले कितीजण सरळ बोलतात? सरळ बोलण्याची अट कधी कुणाला घातली जाते का? त्या पोरीला मात्र होती.

आम्ही कामाला लागलो. शाळेच्या पडवीत, मुलं सुट्टीवर, फळ्यावर कुणीतरी काढलेला बैल तसाच. पहिला नियम मी चंद्राबाईला घालून दिला, विचारायचं नाही. काहीच विचारायचं नाही. तांब्या धरायचा आणि एकच शब्द म्हणायचा, "पानी." पोरीनं म्हटलं की लगेच तांब्या हातात. गूळ नको, शाबासकी नको, पाण्याचं बक्षीस पाणी. सुरुवातीला ती ते आमच्यामागून म्हणायची. मग मी शब्द अर्धा म्हणायला लागले, "पा...", मग नुसते ओठ हलवायचे, मग तेही नाही. तांब्या धरून गप्प बसायचं. गप्प बसणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. मूल धडपडत असतं, आपली जीभ वळवळत असते, आणि आपण दात आवळून बसायचं.

एका दुपारी, उन्हात पेंढ्यांचा वास तापलेला, चंद्राबाई कापणीवरून हाता-पायाला धूळ तशीच घेऊन आली होती. सगुणा माझ्यापाशी आली, तांब्यावर हात ठेवला, आणि कुणीही काहीही म्हणालेलं नसताना बोलली, "पानी." चंद्राबाईच्या तोंडाकडे मी बघितलं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. तिनं पदरानं आधी स्वतःचे हात पुसले, मग पोरीला पाणी दिलं, आणि नंतर कितीतरी वेळ रिकामा तांब्या घेऊन बसून राहिली. पुढे भाकर आली, दूध आलं. मनगटावरचे नवे वण येईनासे झाले. मला वाटलं, जिंकलं आपण. मी तर गुरुजींच्या बायकोला साखर मागून शिरा करायला लावला.

गुरुजी तेवढे शिरा खाताना म्हणाले, "बाई, फार भरवसा धरू नका." मी चिडून विचारलं, का? ते म्हणाले, "राशीपासून लांब उभं करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझ्या आज्यानं हयातभर ह्याच खोऱ्यातल्या खळ्यांवर सूप पुढं धरून लांबनं दाणे झेलले. तो तर चांगला बोलायचा, बाई. त्याच्या बोलण्यानं काय अडलं होतं?"

शेवटची रास घरात आली, कणगीत पडली. अंगणात सावडीची माणसं जेवून पान खात बसली होती. तात्यांनी सगुणाला आणायला सांगितलं. मी म्हटलं, तात्या, ती पाणी मागते, भाकर मागते, स्वतःहून. दाखवते तुम्हाला. तात्या म्हणाले, "त्ये काय, वासरूबी पान्याकडं वढतं." आणि मी काही म्हणायच्या आत पोरीच्या पुढ्यात उकिडवे बसले, प्रेमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि विचारलं, "सगू, हितं ऱ्हायचं का न्हाई?"

"न्हाई," सगुणा म्हणाली.

अंगणातून एक हुंकार फिरला. झालं, पोरीनंच सांगितलं. मी मधे पडले. ओरडलेच. म्हटलं, असं नका विचारू, उलटं विचारा, आणि मीच विचारलं, "सगू, न्हाई ऱ्हायचं का ऱ्हायचं?" ती म्हणाली, "ऱ्हायचं." मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. बघा, शेवटचा शब्द तेवढा ती देते, मघाचं तिचं उत्तर नव्हतंच. पण अंगणातला एक म्हातारा हसून म्हणाला की बाई, असं उलटंपालटं करून घेतलं तर कुणीही काहीही म्हणेल. माझा पुरावा माझ्याच गळ्यात पडला. त्यांच्या लेखी तात्यांनी घेतलं ते उत्तर खरं आणि मी घेतलेलं उत्तर पढवलेलं. दोन्ही उत्तरं पढवलेलीच होती, हे मी त्या अंगणात ओरडून सांगत होते आणि पान खाणारी तोंडं हलत होती. चंद्राबाई दाराच्या आत उभी होती. तिच्या मताची कुणाला आठवणही झाली नाही.

आजही माझ्याकडे आईबाप येतात. चांगली शिकलेली, पुण्यात घरं असलेली. मूल मांडीवर असतं आणि त्याच्या डोक्यावरून मला विचारतात, हा बोलेल का नाही? मी खेकसते. माझी चिडखोर म्हणून ख्याती आहे, ती उगाच नाही. आधी त्याच्यासमोर हा प्रश्न विचारणं बंद करा, म्हणते, मग बघू. काही जण परत येत नाहीत. येऊ नयेत.

वेल्ह्याच्या स्टँडवर मी गेले होते. का गेले माहीत नाही, काही होणार नव्हतं हे दिसत होतं. बाजाराचा दिवस नव्हता, तहसील कचेरीकडे कामाला आलेली चार माणसं, चहाच्या टपरीवर ड्रायव्हर. वर तोरणा नेहमीसारखा बसलेला, डोंगराला काय. चंद्राबाई आधीच गाडीत चढून खिडकीशी बसली होती, मांडीवर सगुणाच्या कपड्यांचं गाठोडं. चार दिवस राहून पोरीला तिथं रुळवून यायचं, असं तिला सांगितलेलं. सगुणाला नवं परकर-पोलकं घातलं होतं. तात्या तिचा हात धरून दारापाशी आले.

"चल, चढ वर," ते म्हणाले. "बस मोटारीत."

सगुणानं दोन्ही हातांनी दाराच्या दांड्या धरल्या. पाय खालीच रोवले. आणि बोलली, "न्हाई."

तात्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात तो शब्द नव्हता, आगेमागे कुणाच्याच बोलण्यात नव्हता. नियमानं तिनं 'मोटारीत' म्हणायला हवं होतं. तिनं आमच्या कुणाच्या वाक्याचं शेपूट धरलं नव्हतं. तो शब्द तिचा होता, तिनं स्वतः काढलेला, आणि नेमका तिथं हवा तो. मी तिला तो शिकवला नव्हता. कोणत्या पुस्तकात होता तो शिकवायला?

"न्हाई," ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं.

गाडीतली माणसं हसली. कंडक्टरनं विचारलं, काय म्हणतेय पोरगी? तात्या संकोचून म्हणाले, "तिला तेवढंच येतंय." आणि एकेक बोट सोडवून त्यांनी तिला वर घेतलं. मी पायरीवर चढून त्यांना सांगत होते, तात्या, ऐका, ही आपलं बोलली, तुम्ही म्हणाला होतात तसं सरळ बोलली, याहून सरळ काय असतं? खिडकीशी चंद्राबाई अर्धी उठली होती. तात्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "बसून घ्या." तिनं पदर पुढे ओढला आणि ती खाली बसली. तात्या मला हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी लई केलंत. आता उतरा, मोटार सुटंल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी बघून मला त्यांचा जास्तच संताप आला, अजून येतो. कंडक्टरनं घंटी मारली.

तो शब्द कमवायला त्या पोरीला सगळा जन्म लागला होता, आणि तिनं तो बरोबर जागी वापरला. वापरला तेव्हा कुणाला खपला नाही. माझ्या धंद्यात पुढे बरीच नवी साधनं आली, चित्रांची पानं आली, आता तर बोटानं दाबलं की बोलणारी यंत्रं आलीत. मुलांना हवं ते मागायला आम्ही छान शिकवतो. पण त्यांनी नाही म्हटलं तर ते मोडून काढायलाही शिकवतो आणि त्याला प्रगती म्हणतो. या एका मुद्द्यावरून मी सभांमधून उठून गेले आहे. मला बोलावणं बंद झालं, तेही बरंच झालं.

सगुणा त्या आश्रमात दोन पावसाळे होती. मी एकदा जाऊन आले. तिथली माणसं वाईट नव्हती, मुलं फार होती. ती एका खांबाशी बसलेली होती आणि मला बघून काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या भरून समोर धरला, तरी काही नाही. पुढच्या खेपेला जायचं ठरवत होते, तोवर निरोप आला की तापानं गेली.

त्यानंतर पुन्हा भात कापणीला आलं होतं, तेव्हा चंद्राबाई भोरला आली. एकटी. वर्ग सुटला होता. ती दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसली, मी तिच्या शेजारी बसले. मला वाटलं रडेल. मला वाटलं मला शिव्या देईल, आणि मी त्या घेतल्या असत्या. तिनं पायाच्या बोटातलं जोडवं फिरवलं.

"बाई," मग ती म्हणाली, "त्या दिशी मोटारीपाशी ती बोलली ना? आपलं आपन?"

मी म्हटलं, "हो. तिचं तीच बोलली."

"मला वाटलं, मलाच आसं ऐकू आलं." मग माझ्याकडे वळून, अगदी खरोखर विचारावं तसं तिनं विचारलं, "आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं येनार, म्हंत्यात. लगीन होऊन त्या घरात आले, तवापासनं म्या कदी कुनाला न्हाई म्हनले न्हाई. मंग माज्या पोरीला ते कुठनं आलं वो?"